कब्रस्तानात आलेला धुरीचा वास

या ग्रुपवरच्या पोस्टी मी आजवर फक्त वेळ घालवायला वाचल्या, खऱ्या कधी मानल्या नाहीत. शाळा सातवीत सुटली, लिहिण्यात चुका होतील... आणि गावाकडचं कुणी वाचत असेल तर आधीच सांगतो, आम्ही धर्म बदललेला नाही.

गाव आमचं जतकडं. नागपुरात मी हिंगण्याला कंत्राटी कामाला आहे. मागच्या पावसाळ्यात आमची तान्ही मुलगी तापानं गेली. बायको सुनीता स्वतःच दवाखान्यात बेशुद्ध होती, त्यामुळं तिला न दाखवताच पुरावं लागलं. इथं ना भाऊ, ना चुलता. अनोळखी दोघांनी स्मशानघाटामागं खड्डा खणून दिला. खूण ठेवली नाही... आपल्यात एवढ्या लहानग्याला कोण खूण ठेवतं? नंतर पाऊस लागला आणि जागाच सापडेना.

सुनीता घरी आली ती एवढंच विचारायची, "कुठं ठेवलंत तिला?" ताट पुढं केलं तरी तेच. झोप नाही, अंगावर मांस नाही. खोटी जागा दाखवायचं ठरवलं होतं, पण तिच्या तोंडाकडं बघून धीर झाला नाही.

सुट्टीला मी कलरकाम करतो. नोव्हेंबरात ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस असतो, त्याआधी कबरींना चुना मारून घेतात. मार्था आंटी म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांच्या मुलाची छोटी कबर रंगवताना मला रडू फुटलं. काहून रडून राहिला, विचारलं त्यांनी. मी सगळं सांगून टाकलं.

"घेऊन ये बायकोले," त्या म्हणाल्या. "ज्याइची कबर इथं नाही, त्याइच्यासाठी मधातला मोठा क्रूस हाय. देवाले जागा दाखवा लागत नाही गा."

मृतांच्या दिवशी दुपारी सुनीताला नेलं. आंटींनी तिच्या हातानं मेणबत्ती लावून घेतली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. आणि मला वास आला... वेखंड-ओव्याचा. अंघोळीनंतर सुनीता पोरीला शेगडीवर धुरी द्यायची, तोच. भास असेल म्हणून डोळे मिटून घेतले. तर आंटी प्रार्थना थांबवून म्हणाल्या, "लेकराले धुरी कोण देऊन राहिलं इथं?"

मी सगळीकडं फिरलो. भिंतीपलीकडं नुसता रस्ता. कुठं शेगडी नाही, निखारा नाही. परत आलो तर सुनीता क्रूसाच्या पायरीला टेकून गाढ झोपलेली — हलकं घोरत होती. आंटी तिच्यावर ऊन येऊ नये म्हणून आडव्या उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला उठवू दिलं नाही. हे उपकार मी विसरणार नाही.

पुढं सगळं सुरळीत झालं असं लिहायला आवडलं असतं. नाही झालं. सुनीता माहेरी आहे, मी फोन केला की तिच्या आईकडं देते. पण तो प्रश्न तिनं त्या दिवसानंतर एकदाही विचारला नाही.

वास कुठून आला ते आंटींनाही सांगता येत नाही, कुणाला कळलं तर सांगा. तिचं विचारणं थांबलं... मी मात्र अजून सुट्टीला घाटामागं जाऊन जागा शोधतो.