कोंबड्याच्या पाटीचे अकरा पब

हॉलंडमधल्या हार्लेममध्ये जुन्या पबांचा माग काढत हिंडणारी मराठी बाई एकच, आणि ती माझी शेजारीण आहे. मृदुलाने आयुष्यात बिअरचा थेंब चाखलेला नाही. पण ऐंशी वर्षांपूर्वी कुठल्या गल्लीत कोण ग्लास भरत होता ते विचारा, घडाघडा सांगेल.

२०१२ साली ती नवऱ्यामागून पुण्याहून इथे आली. श्रीकांतला आयटीतली नोकरी, हिला दिवसभर रिकामं घर. डच बोलायचा सराव व्हावा म्हणून ती वृद्धाश्रमात गप्पा मारायला जाऊ लागली. तिथे कॉफीबरोबर मोजून एक बिस्किट मिळतं, म्हणून स्वतःचा चिवडा नेऊ लागली. म्हातारेकोतारे सांगायचे काय, तर नवरा भेटला कुठे, नाचलो कुठे, मारामारी झाली कुठे. सगळ्याचं उत्तर पब! हिला नादच लागला. जुन्या बाजारातून पबांचे फोटो आणायचे आणि ज्याची जी आठवण असेल ती मागे लिहायची.

गावच्या इतिहास मंडळात तिचं पहिलं भाषण झालं तेव्हा मी पुढच्या रांगेत होते. तिने मोठ्या झोकात सांगितलं, की हार्लेममध्ये ‘कोंबडा’ नावाचे तब्बल अकरा पब होते. सभागृह खो खो हसलं. कोंबडा ही बिअरच्या कंपनीची पाटी होती. जो पब ती बिअर विकेल त्याच्या दारावर ती लागायची. ज्या घरात कधी बाटली आली नाही, तिथल्या बाईला हे कोण सांगणार? हसणाऱ्यांचा मला असा राग आला की मी त्यांची कॉफीसुद्धा घेतली नाही. मृदुलाने ते अकरा फोटो एका पाकिटात घातले आणि पाकीट कपाटावर टाकून दिलं.

२०१६च्या हिवाळ्यात वृद्धाश्रमात योहानाबाई राहायला आल्या. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या वडिलांचा हार्लेममध्ये पब होता. त्या सहा वर्षांच्या असताना वडील गेले, आई त्यांना घेऊन एनस्खेडेला माहेरी गेली आणि युद्धात घराबरोबर फोटोही जळाले. “मला त्यांचा चेहरा आठवत नाही,” त्या मृदुलाला म्हणाल्या. आता नजर जात चालली होती. डॉक्टरांनी डोळ्यांना उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. पबाची गल्ली कधीच पाडून टाकलेली आणि मंडळाकडे तिचा एकही फोटो नव्हता. योहानाबाईंना आठवत होत्या दोनच गोष्टी. दारावरचा कोंबडा, आणि एक फुटकी पायरी. तिच्यावरून पडून त्यांची हनुवटी फुटली होती आणि वडिलांनी दुसऱ्याच दिवशी पायरीवर पत्रा ठोकला होता.

कोंबडा म्हटल्याबरोबर मृदुला उठलीच. सायकल हाणत घरी आली, कपाटावरचं पाकीट काढलं आणि कोटही न काढता माझ्या दारात उभी राहिली. आम्ही दोघी भिंग घेऊन बसलो. पहिल्या फोटोत पायऱ्याच नव्हत्या. तिसऱ्यात होत्या, पण धडधाकट. सातव्यात नेमकी पायरीपुढे कुणीतरी हातगाडी लावलेली. त्या कधीच्या मेलेल्या माणसाला मी मनसोक्त शिव्या घातल्या. आठवाही फुकट गेला. नववा फोटो मृदुलाने नाकाशी नेला आणि लगेच माझ्यापुढे सरकवला.

“शर्मिला, खिळे बघ. चार कोपऱ्यांत चार खिळे आहेत.”

पायरीवर खरंच चौकोनी पत्रा होता. वर दारात ॲप्रन बांधलेला माणूस उभा, मिशीतल्या मिशीत हसणारा. मी पन्नाशीची बाई, मुलीसारखी उड्या मारत होते. मृदुला रडत होती आणि मध्येच हसत होती.

दुसऱ्या दिवशी फोटोची मोठी प्रत काढून आम्ही दोघी वृद्धाश्रमात गेलो. योहानाबाई ती घेऊन खिडकीपाशी उजेडात बसल्या. त्यांचं बोट आधी पायरीवर थांबलं, मग सावकाश वर सरकत त्या माणसाच्या चेहऱ्यापाशी आलं. हे तुमचे वडीलच ना, असं मृदुलाने भीतभीत विचारलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “पण किती लहान आहेत हे. माझ्या नातवाएवढे.”

मग त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो पुन्हा डोळ्यांशी धरला.