‘मी घाबरलो’

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. प्राध्यापकांत बाई मी एकटीच, त्यामुळे मुलींचं काहीही निघालं की मला बोलावणं यायचं. एकदा प्राचार्यांनी बोलावून एक निनावी पत्र पुढे सरकवलं. वाचा म्हणाले, पण मनावर घेऊ नका.

पत्र चार ओळींचं होतं. ‘सर मला जर्नल तपासायला म्हणून एकटं थांबवून घेतले. अंगाला हात लावले. मी लई घाबरलो.’ खाली सही नव्हती. सर कोण ते मात्र लिहिलं होतं. रसायनशास्त्राचे.

प्राचार्य पुण्याचे, येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांचं म्हणणं, हे नापास झालेल्या एखाद्या मुलाचं काम. मुलगी असती तर ‘घाबरले’ लिहिलं असतं. शेजारी बसलेले उपप्राचार्य हसले. म्हणाले, सोंग घ्यायचं तर व्याकरणासकट घ्यावं.

मी म्हटलं, “सर, माहेरी गेलो की मीसुद्धा असंच बोलतो.”

मग दोघांना समजावून सांगितलं. माझं माहेर अक्कलकोटकडचं. तिकडे घरात कानडी, दारात मराठी. बायकासुद्धा आलो, गेलो, जेवलो म्हणतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

हे सांगून टाकलं आणि लगेच लक्षात आलं की पुढचा प्रश्न काय येणार. तो आलाच. त्या बाजूच्या मुली कोण कोण आहेत? शास्त्र शाखेत तशा दोनच होत्या. दोघींचीही नावं मला माहीत होती. दोघींच्या वडिलांनी गावाची बोलणी खाऊन त्यांना इथे ठेवलं होतं. हे कानावर गेलं असतं तर पहिल्या एस.टी.नं ट्रंक घरी आणि पुढच्या लग्नसराईत अक्षता.

मी म्हटलं, “नाव मिळालं की तुम्ही आधी तिच्या वडिलांना बोलावणार. सरांना नंतर.”

 प्राचार्यांनी विचारलं, मग मी करू तरी काय?

मी सांगितलं, मुलींची प्रॅक्टिकल्स असतील तेव्हा मी प्रयोगशाळेत बसते. सगळ्या मुलींच्या जर्नलवर सह्या तिथेच, सगळ्यांसमोर. एकीलाही मागे थांबवायचं नाही.

“अर्थशास्त्राच्या बाई रसायनात काय तपासणार?” उपप्राचार्यांनी विचारलं.

“घड्याळ,” मी म्हटलं.

वर्ष संपेपर्यंत मी तिथे खिडकीजवळच्या स्टुलावर बसून माझे पेपर तपासले. ॲसिडच्या वासानं डोकं दुखायचं. रसायनाचे सर माझ्याशी बोलेनासे झाले, पण नोकरीवर राहिले. त्यांना कुणी जाब विचारला नाही, हेही लिहायलाच हवं. दोघींपैकी पत्र कुणाचं, ते मी विचारलं नाही. दोघी परीक्षेला बसल्या.