पाठीवरचा शिक्का

वाल्मीक वर्तमानपत्राच्या डार्करूममधून निवृत्त झाला, पण पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांतलं एकुलतं लोखंडी कपाट त्याचंच राहिलं. कुसाबाईच्या साड्या पलंगाखालच्या पेटीत आणि कपाटात फुटलेली अंतराळयानं. सदुसष्टची, आतून जळून काळी पडलेली कुपी. शहाऐंशीचा, आकाशात दोन शिंगं फुटलेला धूर. दोन हजार तीनचे, शेतात विखुरलेले तुकडे. सगळे फोटो त्या त्या वेळी छापलेले, ओरिजिनल.

"ओरिजिनल तोंडावरून नाही, पाठीवरून ओळखायचा," येईल त्याला तो शिकवायचा. फोटो उलटा करून एजन्सीचा शिक्का आणि तारीख दाखवायचा. पाहुणा गेला की कोपरे तपासायचा. एखादा दुमडलेला निघाला की कुसाबाईची पाळी.

सदुसष्टच्या फोटोवर चहाचा थेंब उडाला तेव्हा तिचं मनगट मोडलं. शहाऐंशीपायी दाढ पडली. दोन हजार तीनच्या वेळी, मनगट मोडायच्याही आधी, पट्ट्याचं बक्कल पाठीत रुतलं होतं. हात प्लास्टरमध्ये असताना सून निकिता तिला आंघोळ घालायची, तिनं तो वण पाहिला.

"आई, हे काय?"

"मोरीत पडले होते गं."

"मोरीला बक्कल असतं?"

यंदा सर्वपित्रीला वाल्मीक कावळ्याला पान ठेवायला गच्चीवर गेला. टेबलावर शहाऐंशीच्या सात जणांचा फोटो उघडा पडला होता. यानात बसायच्या आधीचा. सगळे हसताहेत, त्यात दोघी बायका. कुसाबाईनं सासूसासऱ्यांच्या तसबिरींना गंध लावलं, वाटीत उरलं ते पाच पुरुषांच्या कपाळी टेकवलं. दोघींना कुंकू. बोट ओलं होतं. कागदावरचा थर बोटाबरोबर निघून आला.

"हे कोणी केलं?" वाल्मीक दारातूनच ओरडला.

"मी. इतकी वर्षं घरात आहेत. कोणी पाणी सोडलंय का त्यांना?"

"मागं तारीख छापलीये, अडाणी! जानेवारीत मेलेत ते!"

"तारीख आहे, पण तिथी कुठं ठाऊक आहे? म्हणून तर आज."

त्यानं खिरीचं पातेलं उचललं आणि तिच्या तोंडावर हाणलं. ती कोलमडली तसा अंबाडा धरून तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आदळलं, एकदा, दोनदा. कानामागून रक्त ओघळलं. मग बरगडीत लाथ. मध्ये पडलेल्या निकिताला त्यानं भिंतीवर ढकललं. तिनं कसाबसा मोबाइल वर धरला.

वाल्मीक धापा टाकत हसला. "काढ, काढ. ती कॉपी. किंमत ओरिजिनलला असते."

कुसाबाई थुंकली. खीर आणि रक्त. आजवर मार खाल्ल्यावर तिनं आधी फरशी पुसली होती, मग तोंड. आज ती नुसतीच उठली.

"निकिता, चपला दे माझ्या. ओरिजिनल चौकीत नेऊ."

"तोंड तरी धू," वाल्मीक म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "लोक बघतील."

"बघू देत."

चौकीतल्या बाई पोलिसांनी दार लोटून घेतलं. कुसाबाईनं पाठ फिरवली, पदर खाली सोडला. बाईंनी वही पुढं ओढली.

"कधीपासून चाललंय हे?"

"लिहून घ्या. सदुसष्ट, शहाऐंशी, दोन हजार तीन..."

"मावशी, सदुसष्टला तुम्ही पाळण्यात असाल."

"ते फोटोतल्या यानांचं साल, बाई," कुसाबाई म्हणाली. "माझ्या पाठीवर तेच छापलंय. हात लावून बघा, सांगते एकेक."