स्टिकर सोलणारे चाचा

आमच्या व्हॅनवाल्या चाचांइतका सोवळा माणूस आख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. अंबडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी कारकून होतो आणि चाचा आमची हलाल कोंबडी मुंबईला बंदरावर पोचवत. येताना व्हॅन रिकामी आणतील, पण परका माल घेणार नाहीत. एकदा कुणीतरी न विचारता तिच्यात मांडवाच्या खुर्च्या भरल्या, तर या गृहस्थांनी ती तीनदा धुतली. मी म्हटलं, "अहो चाचा, खुर्च्यांनी काय पाप केलं?" "साहब, त्यांच्यावर कोण काय खात बसलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे?" घ्या! यावर बोलणार काय, कपाळ?

मोबाईल ज्याच्या-त्याच्या हाती दिसू लागले त्या सुमारास परदेशी गिऱ्हाइकानं हट्ट धरला, की कोंबडी कापल्यापासून जहाजापर्यंत प्रत्येक खोक्याचा माग लागला पाहिजे. म्हणून खोक्याखोक्यावर स्टिकर आलं. त्यावर मशीननं वाचायच्या काळ्या रेघा आणि वर अरबीत 'हलाल'. चाचा मशीनला बिचकतील असं मला वाटलं होतं. छे! ते टुक वाजलं की "माशाअल्लाह" म्हणत.

घात केला त्यांच्या अदबीनं. हमाल खालच्या खोक्यांवर पाय देऊन वर चढायचे, आणि त्या अक्षरांना पाय लागलेला चाचांना बघवेना. एके दिवशी त्यांनी खालच्या खोक्यांची सगळी स्टिकरं नखानं अलगद सोलली आणि व्हॅनच्या आत, दाराच्या वर, ओळीनं चिकटवली. बंदरावर कुठलं स्टिकर कुठल्या खोक्याचं, कुणालाच सांगता येईना. माल परत आला.

"चाचा, हे काय करून बसलात हो!" मी ओरडलोच.

"पाय लागत होते, साहब," एवढंच म्हणाले.

परत आलेल्या मालाच्या कागदावर 'हलाल असल्याचा पुरावा नाही' असा शेरा मारणं माझं काम होतं. मी तो मारला.

चाचांचं काम गेलं, त्यांनी व्हॅनही विकली. तेही चाचांनी सोसलं असतं. पण जुन्या नाशकातल्या त्यांच्या गल्लीत बातमी पोचली ती अशी, की चाचा हराम माल हलाल म्हणून नेत होते. दावतीत त्यांच्याशेजारी बसायला लोक कां-कूं करू लागले. माझं डोकंच फिरलं. एका शुक्रवारी मी तडक मशिदीबाहेर जाऊन उभा राहिलो आणि नमाज सुटल्यावर ओरडून सांगितलं, "माल चोख होता! मी सांगतो ना!"

एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "मग कागदावर 'पुरावा नाही' असं कुणी लिहिलं?"

गर्दीतून चाचा पुढे आले. माझा हात धरून म्हणाले, "चला साहब, घरी चला. चहा घेऊ."

त्यानंतर चाचा दोनच वर्षं जगले. मी अधूनमधून जायचो, तासतासभर बसायचो. त्या म्हाताऱ्याचा प्रश्न त्यांनी मला एकदाही विचारला नाही.