मामेसासरे आणि विजयाचे थेंब

वाद घालायला आधी स्वतःचं मत लागतं, हा जगातला एक मोठा गैरसमज आहे आणि आमच्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या मामांनी, तो एकट्याच्या बळावर खोडून काढलेला आहे. त्यांची बाजू समोरचा ठरवतो. तो जी घेईल तिच्या बरोबर उलट. चहा गोड झालाय म्हणालात तर त्यांना तो फिका लागतो, आणि तुम्ही दमून 'हो, फिकाच आहे' म्हणालात की 'जावईबापू, साखर जरा जास्तच पडलीय.' जन्म गेला सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात. त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. रिटायर झाल्यावर ते सुरतेत पर्वत पाटियाला आमच्या पलीकडच्या सोसायटीत राहायला आले. माझे रविवार कुठे गेले, हे मला विचारू नका.

अशात मामींना कॅन्सर निघाला. केमो सुरू झालं आणि पोटात अन्न ठरेना. वरणाचं पाणीसुद्धा उलटून पडायचं. मामींची रया गेली. शिरपूरच्या भाच्याने फोनवर सांगितलं, गांजाच्या झाडापासून औषध करतात, त्याने उलट्या कमी होतात, भूक लागते. मामा कडाडले, "नशेला औषध म्हणतोस? शरम नाही वाटत?" झालं, मला वाटलं, निदान एका विषयावर तरी यांचं मत कळलं. पुढच्या रविवारी शटल रिक्षातून जाताना मी आपला भाबडेपणाने म्हणालो, "बरोबर आहे मामा, नशा ती नशाच."

"कोण म्हणतं?" मामा गरजले. "आयुर्वेदात तिला विजया म्हणतात! नशा आणणारा अंश वेगळा, न आणणारा वेगळा. गांजा म्हणजे फुलोरा, चरस म्हणजे चीक, त्यांना बंदी. भांग म्हणजे पान, त्याचा कायदा वेगळा!" रिक्षात माझ्या मांडीला मांडी लावून एक पोलीस बसला होता. तो बिचारा म्हणाला, "काका, धीमे बोलो ने." त्यावर मामांनी त्याला स्टेशनपर्यंत कायदा समजावला. मी बाहेर बघत बसलो. दुसरं काय करणार?

शेवटी एकदा ते डॉक्टरांशी भांडायला गेले. सारथी अर्थातच मी. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काका, उलट्यांना, भुकेला फरक पडू शकतो. सगळ्यांना पडतोच असं नाही. गाठ विरघळेल ही आशा ठेवू नका. आणि आणाल ते आधी मला दाखवा, चालू औषधांशी जमायला हवं." मामांची पंचाईत! धड इकडे नाही, धड तिकडे नाही, अशा माणसाशी भांडायचं कसं? परतताना म्हणाले, "डॉक्टर काही हुशार वाटत नाही." पण वैद्याची चिठ्ठी घेऊन विजयाच्या तेलाची बाटली आणली आणि त्याच डॉक्टरांना दाखवून मगच घरी नेली.

मामींनी बाटली बघून तोंड फिरवलं. त्यांचे वडील गांजा ओढायचे. घरातली भांडीसुद्धा त्यात गेली होती. "यानी मन्हा बापनं घर खादं. माले नको," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. मग बारीक आवाजात, "भान गयं तं पोरेसले वळखसू का मी?"

 मामांनी बाटली उघडली, थेंब स्वतःच्याच जिभेवर टाकले आणि मामींसमोर खुर्ची ओढून बसले. "आते देख माले."

अख्खी दुपार मामी नवऱ्याकडे टक लावून बसल्या. साक्षीला मी. मधूनच त्या परीक्षा घ्यायच्या. "आपलं लगीन कोठे लागनं?" "शिरपूरले." "कानबाईना सनले रोट कोन करस?" "तूच." शेवटी मामींनी विचारलं, "इतला वरीस भांडनात, बरोबर कोन व्हतं? तुम्ही का मी?"

"तूच," मामा म्हणाले.

मामी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "जावईबापू, यासले चढनी वाटस! डॉक्टरले फोन करा!"

"कसली चढनी? चूक शे तू! पहिल्यापासून चूक शे!" मामांनी अशी गर्जना केली की शेजारचे गॅलरीत आले. मामींचा जीव भांड्यात पडला. त्या हसल्या, कितीतरी दिवसांनी हसल्या, आणि त्यांनी थेंबांसाठी तोंड उघडलं. बायकोचं औषध चाखल्याबद्दल डॉक्टरांनी नंतर मामांना चांगलंच फैलावर घेतलं, ते सोडा.

गाठ विरघळली नाही. पण उलट्या कमी झाल्या. एका दुपारी मामींनी भरताबरोबर अर्धी कळण्याची भाकरी मागून खाल्ली. मामाही ताट घेऊन शेजारी बसले. मामींसमोर ते किती महिन्यांनी जेवत होते, हे मला तेव्हा कळलं. आजारी माणसासमोर घास उतरत नाही म्हणून चोरून कुठेतरी काहीबाही खायचे.

मामी गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. नाक्यावर अजून कोणीतरी त्या तेलाचा विषय काढतं. एक म्हणतो अमृत आहे, दुसरा म्हणतो निव्वळ थोतांड, आणि मग सगळे मामांकडे बघतात. मामा म्हणतात, "ती चार घास जेवनी. बाकी तुम्ही म्हनशात तसं." तेही हळू आवाजात. एवढी वर्षं मी त्यांच्या वादाला कंटाळलो होतो, पण हे ऐकवत नाही.