आठवी चाल कोणाची?

आज सकाळी जव्हारला माझ्या घरी एक जुना विद्यार्थी आला. आता पन्नाशीचा आहे. जामसरकडे भातशेती करतो आणि तारपा वाजवतो. त्याच्या आठ चालींचं रेकॉर्डिंग ऑनलाइन प्रसिद्ध व्हायचं आहे, त्याचा फॉर्म भरायला माझी मदत हवी होती.

वादक म्हणून त्याचं नाव टाकलं. पुढे प्रत्येक चालीचा संगीतकार विचारला होता.

"आठीच्या आठी पारंपरिक लिही, बाई. बापाने शिकवल्या."

"आठही?"

तेव्हा कुठे त्याने कबूल केलं. आठवी त्याने स्वतः बांधली होती.

मी त्याला चांगलंच झापलं. पारंपरिक लिहिलं तर वाजवण्याचे पैसे मिळतील, पण चाल बांधणाऱ्याची रॉयल्टी मिळणार नाही. उद्या कोणीही ती चाल उचलेल आणि याला विचारणारही नाही.

"पण बाई, तिच्यावर अख्खा पाडा नाचतो. माझी म्हटली तर बाया हसतील. म्हणतील, मोठा शाणा झाला, आता नाचायचे पण पैसे घेल."

"पाड्याकडे कोण मागतंय? सिनेमावाल्याने घेतली तर माग."

 मग म्हणाला, "टाक नाव. पण पाड्यावर सांगू नको."

म्हणून फॉर्मवर त्याचं नाव आहे, इथे मुद्दाम लिहिलेलं नाही.

आपण सरसकट पारंपरिक म्हणतो त्यातली एखादी चाल बांधणारा माणूस तुमच्याही गावात अजून हयात असेल. त्याला कधी विचारलंय का?