पडद्यावर मराठी बसवताना

नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, सर्किटं सगळी विसरलो. पण तिथली माणसं काय बोलली, ते डोक्यात तसंच पडून आहे. जुने दोघे-तिघे भेटले आणि कुणी एक किस्सा काढला, की मागून पाच निघतात. हसत सुरू होतात, हसत संपत नाहीत.

ऐंशीच्या दशकात पुण्याजवळ उरवड्याला आमचं छोटं युनिट होतं. कॉम्प्युटरचे स्क्रीन बनवायचो, इंग्रजीवाले. मग त्यांवर मराठी आणायची टूम निघाली. अक्षरं काढायला इंजिनिअर कुठला मिळणार! पौडच्या बाजारात दुकानांचे बोर्ड रंगवणारे इब्राहिमचाचा आले. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन काळा करून अक्षर काढायचं. तेवढेच ठिपके पडद्यावर पेटायचे.

पहिल्याच दिवशी मॅनेजर म्हणाले, "इंग्रजीला आठ चौकोन उंची पुरते. तेवढ्यातच बसवा. मात्रा जरा कापा."

चाचांनी पेन्सिल खाली ठेवली. "सायेब, बोर्ड ल्हान पडला तर मी अक्षर कापत न्हाई. बोर्ड मोठा मागतो!"

सोळा चौकोन मिळाले.

*

तपासणीला गावातल्या सुशीलाबाई होत्या. टाइप करून अक्षर नीट उमटतं का, ते बघायच्या. ऱ्हस्व वेलांटी त्यांना फार छळायची. बटण दाबायचं अक्षरानंतर, पण पडद्यावर ती अक्षराच्या आधी!

"शेवटाला येती आन् पुढं जाऊन बसती! आमच्या थोरल्या जाऊबाईच ह्या!"

*

एकदा सुशीलाबाईंचा अख्खा पडदा एकाच नावानं भरलेला दिसला. 'जांभळीचं खाचर', 'जांभळीचं खाचर'...

"हे काय?" मी विचारलं.

"आमचं भाताचं रान. तुमी बसलाय, तितंच व्हतं."

मॅनेजर मागेच उभे होते. म्हणाले, "यात एकही जोडाक्षर नाही. टेस्टला उपयोग नाही!"

बाईंनी पडदा पुसला.

*

तीन वर्षं चौकोन काळे करून चाचा कागद नाकाला लावायला लागले. विचारलं की म्हणायचे, "चष्म्याचा नंबर बदललाय." एका दुपारी त्यांनी सुरेख 'ळ' काढला. अर्धा कागदावर, अर्धा टेबलावर!

सुशीलाबाईंनी गुपचूप टेबल पुसलं. त्या दिवसापासून चाचा सांगायचे आणि बाई चौकोन काळे करायच्या. महिनाभर मॅनेजरना पत्ता नव्हता.

मी म्हणालो, "चाचा, डोळे दाखवा."

"आधी 'ज्ञ' हुंद्या. त्येचं पोट बसंना."

*

मग कॉम्प्युटरात बसवायचं नवं कार्ड बाहेरून आलं. एका कार्डात दहा भाषा, अक्षरं तयार! चाचांचं काम त्याच दिवशी संपलं. त्यांचे आलेखाचे कागद पॅकिंगला निघाले. ते स्क्रीनभोवती गुंडाळताना सुशीलाबाई रडायला लागल्या.

चाचांनी आवाजावरून ओळखलं. "दोन-दोन कागद घाला, बाई. काच फुटायची!"

*

दोन महिन्यांनी मी त्यांना पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. काचबिंदू होता. मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे; त्यांनी लगेच हातात घेतलं तर उरलीसुरली नजर वाचेल, असं आधी तपासणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं होतं. बाहेर भिंतीवर आमचाच स्क्रीन टांगलेला, नव्या कार्डाचा. पुढच्या पेशंटचं नाव त्यावर यायचं. नाव आलं की आत जायचं.

तासाभरानं मी म्हणालो, "चाचा, चला. नाव आलं."

ते उठता उठता थांबले. "माझ्या नावातला 'ब्र' कसा बसलाय?"

मी वर पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. पण अक्षराच्या बाबतीत या माणसाशी आमच्यातलं कुणी कधी खोटं बोललं नव्हतं.

"मोडलाय, चाचा. पाय मोडलेला 'ब', आणि 'रा' वेगळा."

चाचा परत बाकावर बसले.

"मग ते माझं नाव न्हाई."

"चाचा, डॉक्टर आता पुढच्या आठवड्यात येणार!"

"यिऊंद्या."

शिपाई दोनदा दारात येऊन डोकावून गेला. मग पडद्यावर पुढचं नाव आलं.